यूएसएस इंडियानापोलिसची शोकांतिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी नौदलाच्या इतिहासात मिडवेसारखे विजय आहेत, पर्ल हार्बरसारखे घाव आहेत. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर फिलिपिन्स समुद्रात बुडालेली इंडियानापोलिस ही क्रूझर मात्र या दोन्हींत बसत नाही. तिच्याबद्दल मराठीत वाचायला मिळते ते बहुधा दोन गोष्टींपुरते, अणुबॉम्ब आणि शार्क. दोन्ही खरे आहे, पण मूळ दुखणे वेगळे आहे. शेकडो माणसे भर समुद्रात तरंगत होती आणि त्यांचे जहाज कुठे राहिले, हे बंदरावर कोणी विचारलेच नाही. पुढे सगळा ठपका एकट्या कॅप्टनच्या माथी मारला गेला. खालच्या उत्तरांत या भागाला जास्त जागा दिली आहे, आणि ती मुद्दाम दिली आहे.

इंडियानापोलिस हे कोणत्या प्रकारचे जहाज होते?

हेवी क्रूझर, म्हणजे विनाशिकेहून बरीच मोठी आणि मोठ्या बॅटलशिपहून लहान अशी युद्धनौका. लांबी सुमारे १८६ मीटर, आठ इंची नऊ तोफा. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे बांधली गेली आणि १९३२ च्या नोव्हेंबरात नौदलात दाखल झाली. हे काही साधेसुधे जहाज नव्हते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिच्यातून प्रवास केला होता. १९३६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावरही ते याच जहाजाने गेले. युद्धात ती अॅडमिरल रेमंड स्प्रुअन्स यांची ध्वजनौका, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाचे जहाज, होती. ३१ मार्च १९४५ रोजी ओकिनावाजवळ एका जपानी आत्मघातकी विमानाचा बॉम्ब तिच्या डेकमधून आरपार गेला, नऊ जण दगावले. दुरुस्तीसाठी तिला कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड गोदीत न्यावे लागले. तिथे दुरुस्ती होऊन ती तयार होती, म्हणूनच पुढची गुप्त कामगिरी तिच्या वाट्याला आली.

हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब याच जहाजाने नेला होता का?

अख्खा बॉम्ब नव्हे, त्याचे महत्त्वाचे भाग. 'लिटल बॉय' या बॉम्बची तोफेच्या नळीसारखी यंत्रणा आणि त्यातल्या समृद्ध युरेनियमचा एक हिस्सा तिच्यावर होता. युरेनियमचा उरलेला हिस्सा नंतर विमानांनी पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या अमेरिकी तळावर पोहोचवला गेला.

१६ जुलैला पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली आणि त्याच सकाळी, काही तासांच्या आत, इंडियानापोलिसने सॅन फ्रान्सिस्को सोडले. मोठे खोके विमानांच्या हँगरमध्ये मरीन सैनिकांच्या पहाऱ्यात होते. युरेनियमचे छोटे, पण उचलायला भलतेच जड भांडे अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जमिनीला पक्के जखडून ठेवले होते. सोबत लष्कराचे दोन अधिकारी होते. तोफखान्याचे म्हणून त्यांची ओळख करून दिली होती, पण त्यांतला एक प्रत्यक्षात डॉक्टर होता. खोक्यात काय आहे ते कॅप्टन चार्ल्स मॅकव्हे यांनाही सांगितलेले नव्हते. जितके दिवस वाचतील तितके युद्ध लवकर संपेल आणि जहाज बुडायची वेळ आलीच तर आधी हा माल वाचवायचा, एवढेच त्यांना बजावले होते. जहाजावर तर्कांना ऊत आला होता. जनरल मॅकआर्थर यांच्यासाठी सुगंधी टॉयलेट पेपर चालला आहे, अशीही वदंता होती.

पर्ल हार्बरपर्यंतचे अंतर तिने साडेचौऱ्याहत्तर तासांत कापले. हा वेगाचा विक्रम होता. २६ जुलैला टिनियनला माल उतरला.

कामगिरी गुप्त होती म्हणून जहाजाचा शोध घेतला गेला नाही, हे खरे का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो पुसला जायला हवा, कारण तो खऱ्या चुकीवर पांघरूण घालतो. गुप्त माल २६ जुलैलाच उतरला होता. त्यानंतर जहाज गुआमला गेले आणि २८ जुलैला तिथून फिलिपिन्समधल्या लेटे बेटाकडे निघाले. हा प्रवास अगदी नेहमीचा होता. जहाजावर बरेच नवखे खलाशी भरती झाले होते, त्यांच्या सरावासाठी लेटेला जायचे होते. निघाल्याचे संदेश रीतसर धाडले होते, मार्ग ठरलेला होता, पोहोचण्याची तारीख आणि वेळही ठरलेली होती: ३१ जुलै, सकाळ. यात लपवण्यासारखे काहीच नव्हते.

सोबतीला विनाशिका का नव्हती?

मॅकव्हे यांनी गुआमला विचारले होते. गरज नाही, असे उत्तर मिळाले. युद्ध जपानच्या किनाऱ्याकडे सरकले होते आणि मागचा समुद्र सुरक्षित मानला जात होता. क्रूझरवर पाण्याखालची पाणबुडी हुडकायची सोनार यंत्रणा नसे. ते काम विनाशिकांचे. म्हणजे एकटी निघालेली इंडियानापोलिस पाण्याखाली आंधळीच होती.

त्याहून गंभीर बाब अशी की धोक्याची माहिती उपलब्ध होती. चारच दिवस आधी, २४ जुलैला, याच समुद्रात अंडरहिल हे अमेरिकी जहाज जपानी पाणबुडीवरून सोडलेल्या मानवी पाणतीराने, म्हणजे आत बसून माणूस चालवतो अशा आत्मघातकी पाणतीराने, बुडवले होते. जपानी सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांना त्या भागात पाणबुड्या फिरत असल्याचेही ठाऊक होते. यातले काहीच मॅकव्हे यांच्यापर्यंत आले नाही. संकेत फोडल्याचे गुपित राखायला हवे, हे समजू शकते. पण एका कॅप्टनला 'सावध जा' एवढे सांगायला गुपित उघड करावे लागत नाही.

नागमोडी मार्गाने जाणे म्हणजे काय आणि ते का थांबवले होते?

जहाज सरळ रेषेत गेले तर पाणबुडीला त्याचा वेग आणि दिशा मोजून पाणतीर सोडणे सोपे जाते. म्हणून ठरावीक वेळाने दिशा बदलत जायचे, असा तेव्हा प्रघात होता. मॅकव्हे यांना मिळालेल्या आदेशात हा निर्णय त्यांच्यावर सोपवला होता. दिवसा जहाज नागमोडी चालले. संध्याकाळी आभाळ भरून आले, समोरचे नीट दिसेना, तेव्हा त्यांनी ते थांबवायला सांगितले आणि हवा निवळली तर मला कळवा, अशी सूचना देऊन ते झोपायला गेले. यात नियम मोडल्यासारखे काही दिसत नाही. पुढे याच एका गोष्टीवरून त्यांना दोषी ठरवले गेले, म्हणून ती नीट लक्षात ठेवा.

त्या रात्री नेमके काय झाले?

रात्री अकराच्या सुमारास आय-५८ ही जपानी पाणबुडी वर आली होती. ढग क्षणभर फाटले, चंद्राचा उजेड पडला आणि क्षितिजावर एक काळा ठिपका दिसला. लेफ्टनंट कमांडर मोचित्सुरा हाशिमोतो यांनी लगेच बुडी मारायचा हुकूम दिला. त्यांच्याकडे मानवी पाणतीर होते, पण त्यांनी साधे पाणतीर वापरायचे ठरवले. अंतर सुमारे दीड किलोमीटर राहिल्यावर पंख्यासारखे पसरत जातील असे सहा सोडले. दोन लागले.

पहिल्याने जहाजाचा पुढचा भाग तोडून नेला. दुसरा मध्याजवळ, तेलाच्या टाक्या आणि दारूगोळ्याच्या कोठाराच्या आसपास बसला. वीज गेली, त्याबरोबर जहाजातले फोन आणि ध्वनिक्षेपकही गेले. इंजिनघराला 'थांबा' सांगायला मार्गच उरला नाही. नाक तुटलेले जहाज वेगाने पुढे जात राहिले आणि पुढून पाणी आत घेत राहिले. उकाडा असह्य असल्यामुळे आतले बरेच दरवाजे आणि हवेचे मार्ग उघडे ठेवलेले होते. तिथून पाणी सगळीकडे शिरले. खूप जण उकाड्यामुळेच वर डेकवर झोपले होते. तेच जास्त करून वाचले.

जहाज सोडण्याचा हुकूम तोंडातोंडी पसरला. बारा मिनिटांत सगळे संपले. जहाजावर १,१९५ माणसे होती. सुमारे ३०० जहाजाबरोबरच गेली, उरलेली पाण्यात. बहुतेक होड्या सोडायला वेळच मिळाला नव्हता. थोडे तराफे, काही जाळ्या, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट.

मदतीचा संदेश पाठवला गेला होता का?

रेडिओ खोलीतल्या माणसांनी शेवटपर्यंत प्रयत्न केला, असे वाचलेल्यांनी सांगितले. नौदलाची अधिकृत भूमिका अशी की तो कुठेही पोहोचला नाही. एक संदेश मात्र नक्की पकडला गेला होता. हाशिमोतो यांनी आपल्या मुख्यालयाला मोठे जहाज बुडवल्याचे कळवले, तो अमेरिकनांनी ऐकला आणि फोडलाही. जपानी नेहमीच फुगवून सांगतात, असे समजून तो बाजूला ठेवण्यात आला. त्या दिवशी नकाशावर एक खूण करून इंडियानापोलिस कुठे असायला हवी एवढे पाहिले असते तर शेकडो जीव वाचले असते, असे मला ठामपणे वाटते.

पाण्यात त्या माणसांचे काय झाले?

हे वाचायला जड जाते, पण टाळून चालणार नाही.

पहिली रात्र तेलाची होती. जहाजाच्या टाक्यांतले काळे, चिकट तेल पाण्यावर पसरले होते. ते डोळ्यांत गेले, पोटात गेले. माणसे ओकत राहिली. भाजलेले आणि हाडे मोडलेले जखमी पहिल्या काही तासांतच गेले. उजाडल्यावर जे जिवंत होते ते गटागटाने एकत्र आले, पण हे गट वारा आणि प्रवाह यांनी मैलोन्‌मैल पांगत गेले. स्वतः मॅकव्हे तराफ्यावरच्या एका छोट्या गटात होते. आपल्याशिवाय फारच थोडे वाचले असावेत, असे त्यांना तेव्हा वाटत होते.

दिवसा ऊन असे की तेलावरून परतणाऱ्या प्रकाशाने डोळे सुजून मिटायचे. रात्री उलट. उष्ण कटिबंधातला समुद्र असला तरी पाणी अंगापेक्षा थंडच असते. तासन्‌तास त्यात राहिले की ऊब निघून जाते आणि दात वाजू लागतात. लाइफ जॅकेट कापोक नावाच्या झाडाच्या तंतूंनी भरलेली होती. दोन दिवसांनंतर तंतू पाणी शोषू लागले, तसतशी हनुवटी पाण्याला टेकायला लागली.

सर्वांत मोठा शत्रू तहान. चारी बाजूंनी पाणी आणि पिता येत नाही. ज्यांनी धीर सोडून समुद्राचे पाणी प्यायले त्यांची शुद्ध हरपली. कोणाला जवळच बेट दिसे आणि तो पोहत निघून जाई. कोणाला वाटे की आपले जहाज खालीच उभे आहे, त्याच्यात गोड पाणी आहे. तो बुडी मारे आणि परत येत नसे. एकाला दिसलेले बेट मग दहा जणांना दिसू लागे. भ्रमात काही जण शेजारच्यालाच शत्रू समजून अंगावर गेले.

जहाजाचे डॉक्टर लुईस हेन्स एका मोठ्या गटात होते. औषध नाही, पाणी नाही. उपचार म्हणजे समुद्राचे पाणी पिऊ नका म्हणून बजावणे आणि माणूस गेला आहे की नाही ते पाहणे. गेला असेल तर त्याचे जॅकेट काढून ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचे, प्रार्थना म्हणायची, सोडून द्यायचे. धर्मगुरू फादर थॉमस कॉन्वे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहत जाऊन धीर देत राहिले. त्यातच त्यांची ताकद संपली आणि सुटकेच्या आधी तेही गेले. त्यांना मरणोत्तर नेव्ही क्रॉस हे मोठे शौर्यपदक २०२१ मध्ये, म्हणजे पाऊणशे वर्षांनी जाहीर झाले.

शार्कनी किती जणांचा बळी घेतला?

याचा खात्रीचा आकडा कोणाकडेच असणे शक्य नाही, कारण मृतदेहांवर झालेले हल्ले आणि जिवंत माणसांवरचे हल्ले वेगळे मोजता येत नाहीत. शार्क होते, पहिल्या दिवसापासून होते आणि गटापासून सुटा पडलेला माणूस त्यांच्या तावडीत सापडे. वाचलेल्यांच्या साक्षी याबाबत एकमुखी आहेत. मात्र बहुसंख्य माणसे तहान, ऊन, थंडी, जखमा आणि खारे पाणी यांनी गेली. सगळे शार्कच्या नावावर घातले की ही निव्वळ निसर्गाची आपत्ती वाटू लागते, आणि ती तशी नव्हती.

चार दिवस कोणाच्याच कसे लक्षात आले नाही?

खरा प्रश्न हाच.

मुक्कामी येणारी एसटी रात्री आली नाही तर गावातून डेपोत फोन जातोच. इथे बाराशे माणसे असलेली युद्धनौका ३१ जुलैला सकाळी येणार होती. ती आली नाही आणि कोणी कोणाला फोन केला नाही.

कारण एक नव्हते, ती साखळी होती. नौदलाचा एक आदेश असा होता की लढाऊ जहाजे बंदरात आल्याची वर्दी द्यायची नाही; उगाच रेडिओवर गर्दी नको आणि शत्रूला सुगावा नको. आदेशात 'न आल्याची' वर्दी द्यायची की नाही याबद्दल चकार शब्द नव्हता. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी अर्थ असा लावला की आल्याचे कळवायचे नाही तर न आल्याचेही कळवायचे नाही. त्यामुळे लेटेच्या कार्यालयात जहाज अपेक्षितांच्या यादीत राहिले आणि वेळ टळून गेल्यावर फळ्यावरच्या खुणा सरकत राहिल्या. गुआमच्या कार्यालयाने तर ठरलेली वेळ झाली म्हणून जहाज पोहोचले असे धरून टाकले.

दुसरी कडी संदेशांची. सरावासाठी जहाज ज्यांच्या हाताखाली जाणार होते त्या रिअर अॅडमिरल मॅककॉर्मिक यांच्या जहाजावर मूळ संदेश चुकीचा उलगडला गेला, तो पुन्हा मागवलाही नाही. सरावानंतर जहाज ज्यांच्या ताफ्यात जाणार होते त्या व्हाइस अॅडमिरल ओल्डेनडॉर्फ यांना जहाज येणार हे कळले, पण कधी ते कळले नाही. म्हणजे एकाकडे तारीख होती, कारण नव्हते. दुसऱ्याकडे कारण होते, तारीख नव्हती. जहाज दिसले नाही तेव्हा दुसरीकडे पाठवले असेल, असे समजून विषय संपला.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरते काम केले. जहाज आले का, हे विचारणे हे नेमके कोणाचे काम, हेच ठरलेले नव्हते.

मग ते सापडले कसे?

योगायोगाने. २ ऑगस्टला सकाळी लेफ्टनंट विल्बर ग्विन नेहमीच्या गस्तीवर व्हेंचुरा विमान उडवत होते. विमानामागे लोंबणाऱ्या अँटेनाचे वजन निसटले होते, ते ठीक करताना त्यांची नजर खाली गेली आणि पाण्यावर तेलाचा पट्टा दिसला. पाणबुडी असणार या समजुतीने त्यांनी बॉम्ब टाकण्याची तयारी केली, खाली उतरले आणि तेलात डोकी दिसली. लगेच संदेश गेला. जहाज बुडून तोवर ऐंशीहून जास्त तास झाले होते.

मदतीला पाठवलेल्या कॅटालिना विमानाचे वैमानिक होते लेफ्टनंट एड्रियन मार्क्स. हे विमान पाण्यावर उतरू शकते, पण भर समुद्रात उतरायला सक्त मनाई होती. लाटांत विमान फुटू शकते. मार्क्स यांनी वरून तराफे आणि सामान टाकले. एकट्या पडलेल्या माणसांवर शार्क धावून येताना त्यांना दिसत होते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारले, सगळे तयार झाले, आणि मोठ्या लाटांत त्यांनी विमान उतरवले. मग ते पाण्यावरच विमान चालवत फिरले आणि गटात असलेल्यांना सोडून आधी सुट्या, एकाकी माणसांना उचलत गेले, कारण धोका त्यांनाच जास्त होता. आतली जागा संपली तेव्हा माणसे पंखांवर चढवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. अशी ५६ माणसे त्या एका विमानाने वाचवली. विमान पुन्हा उडण्याच्या अवस्थेत राहिलेच नाही; दुसऱ्या दिवशी ते बुडवून टाकावे लागले.

मार्क्स यांनी वाटेत सेसिल जे. डॉयल या जहाजाला खबर दिली होती. त्याचे कप्तान ग्रॅहम क्लेटर यांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता जहाज वळवले. रात्री पोहोचताना त्यांनी मोठा सर्चलाइट सरळ आकाशात सोडला. शत्रूची पाणबुडी आसपास असू शकते हे माहीत असताना असा दिवा लावणे म्हणजे स्वतःचा पत्ता देणे. पण पाण्यातल्या माणसांना तो ढगांवर पडलेला उजेड दिसला, आणि त्या रात्री तग धरायला तोच उपयोगी पडला, असे कितीतरी जणांनी नंतर सांगितले. हेच क्लेटर पुढे अमेरिकेचे नौदलमंत्री झाले. बॅसेट आणि इतर जहाजेही येऊन मिळाली. ३ ऑगस्टपर्यंत जिवंत माणसे काढणे चालू होते. शेवटी वाचले ३१६.

अमेरिकेत लोकांना हे कधी कळले?

जवळपास दोन आठवड्यांनी. १४ ऑगस्टला जपानच्या शरणागतीची घोषणा झाली, त्याच सुमारास ही बातमी प्रसिद्ध करण्यात आली. देश रस्त्यावर उतरून नाचत होता आणि कित्येक घरांत त्याच दिवसांत तार येऊन पडत होती.

कॅप्टनवर खटला का भरला?

डिसेंबर १९४५ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत चार्ल्स मॅकव्हे यांचे कोर्ट मार्शल झाले. आरोप दोन होते: जहाज सोडण्याचा हुकूम वेळेवर दिला नाही, आणि नागमोडी न चालता जहाज धोक्यात घातले. पहिल्यातून ते सुटले. दुसऱ्यात दोषी ठरले.

पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ यांचे मत होते की फार तर ताकीद द्यावी, खटला नको. नौदलप्रमुख अॅडमिरल किंग खटल्याच्या बाजूचे होते आणि त्यांचे चालले. बचावाच्या वकिलाला तयारीला जेमतेम काही दिवस मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची शेकडो जहाजे बुडाली. शत्रूच्या हल्ल्यात जहाज गमावल्याबद्दल कोर्ट मार्शलला सामोरे जावे लागले ते या एकाच कॅप्टनला. बंदरावरच्या आणि त्यांच्या वरच्या चार अधिकाऱ्यांना ताकीदपत्रे दिली गेली होती, तीही पुढे मागे घेतली गेली. ज्या कारणाने माणसे चार दिवस पाण्यात राहिली त्या कारणासाठी अखेर कोणीच जबाबदार ठरले नाही. हा न्याय नव्हता. घाईने एक नाव शोधून प्रकरण मिटवण्यात आले.

शत्रूच्या पाणबुडीच्या कप्तानाला खरेच साक्षीला बोलावले होते?

हो. हाशिमोतो यांना जपानहून विमानाने वॉशिंग्टनला आणले गेले. कालच्या शत्रूला आपल्याच अधिकाऱ्याविरुद्ध उभे करता म्हणून वृत्तपत्रांतून आणि लोकांतून मोठी नाराजी व्यक्त झाली. पण त्यांची साक्ष मॅकव्हे यांच्या बाजूची निघाली. जहाज नागमोडी चालले असते तरी आपण ते बुडवलेच असते, असा तिचा आशय होता. अमेरिकेच्या एका अनुभवी पाणबुडी कप्तानानेही तशीच साक्ष दिली. दोघांनी एकच सांगूनही निकाल फिरला नाही.

मॅकव्हे यांचे पुढे काय झाले?

बढतीच्या यादीत त्यांना मागे टाकण्याची शिक्षा झाली. ती १९४६ मध्ये माफ करून त्यांना कामावर घेतले गेले. १९४९ मध्ये ते रिअर अॅडमिरलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. पण दोषी असल्याची नोंद तशीच राहिली. मृतांच्या काही कुटुंबांकडून त्यांना वर्षानुवर्षे पत्रे येत राहिली, विशेषतः नाताळच्या दिवसांत: तुम्ही नसतात तर आमचा मुलगा आज घरी असता. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी कनेक्टिकटमधल्या राहत्या घरी त्यांनी आयुष्य संपवले.

वाचलेल्या खलाशांची भावना मात्र वेगळी होती. १९६० मध्ये इंडियानापोलिस शहरात त्यांचा पहिला मेळावा भरला, त्याला मॅकव्हे आले होते. त्यांच्या माणसांनी सलामी देऊन त्यांचे स्वागत केले. आपल्या कॅप्टनचे नाव साफ व्हावे म्हणून हीच माणसे पुढे कित्येक वर्षे झगडत राहिली.

एका शाळकरी मुलामुळे ते निर्दोष ठरले असे ऐकले, ते कितपत खरे?

बऱ्याच अंशी खरे, पण अर्धवट सांगितले जाते. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथला हंटर स्कॉट बारा वर्षांच्या आसपासचा असताना त्याने शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी हा विषय घेतला. वाचलेल्या खलाशांना शोधून, पत्रे लिहून, त्यांच्याशी बोलून त्याने माहिती जमवली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. सप्टेंबर १९९९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा तो खलाशांच्या बाजूला बसून बोलला. त्याचे श्रेय मोठेच आहे. पण ती लढाई खलाशांनी आधीच कित्येक वर्षे चालवली होती आणि सरकारी दारे त्यांच्यासाठी बंद राहिली होती. मुलाच्या निमित्ताने ती उघडली.

ऑक्टोबर २००० मध्ये काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, ठराव झाला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. जुलै २००१ मध्ये नौदलमंत्री गॉर्डन इंग्लंड यांच्या आदेशाने मॅकव्हे यांच्या सेवापत्रात ते निर्दोष असल्याची नोंद घातली गेली. कोर्ट मार्शलचा निकाल कायद्याने पुसला गेलेला नाही. काँग्रेसला तो अधिकारच नाही. त्याच फाईलमध्ये आता दुसरा कागदही आहे, इतकेच.

हाशिमोतो यांचे पुढे काय झाले?

ते क्योटोमध्ये शिंतो मंदिराचे पुजारी झाले. १९९० मध्ये पर्ल हार्बरला ते इंडियानापोलिसच्या काही खलाशांना भेटले. १९९९ मध्ये त्यांनी सिनेटर जॉन वॉर्नर यांना पत्र लिहून मॅकव्हे यांना निर्दोष ठरवण्याची विनंती केली. २५ ऑक्टोबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. क्लिंटन यांची सही त्यानंतर पाचच दिवसांनी झाली.

जहाजाचे अवशेष सापडले आहेत का? ते वर काढणार का?

१९ ऑगस्ट २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांच्या पेट्रेल या संशोधन जहाजाला ते सुमारे ५,५०० मीटर खोलीवर सापडले. आधीचे शोध चुकीच्या जागी चालले होते. नौदलाच्या इतिहास विभागातल्या एका संशोधकाला जुन्या कागदपत्रांत एका लँडिंग जहाजाची, म्हणजे सैन्य आणि सामान किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजाची, नोंद मिळाली. बुडण्याच्या काही तास आधी त्याने इंडियानापोलिसला वाटेत पाहिले होते. त्यावरून शोधाची जागा सरकवली आणि अवशेष हाती लागले. ते वर काढले जाणार नाहीत. ती युद्धातल्या मृतांची विश्रांतीची जागा मानली जाते आणि अमेरिकी कायद्याने तिला संरक्षण आहे.

मृतांचे आणि वाचलेल्यांचे आकडे ठिकठिकाणी वेगळे का दिसतात?

जुन्या लिखाणात जहाजावर १,१९६ माणसे आणि वाचलेले ३१७, असे आकडे सापडतात. २०१८ मध्ये नौदलाने कागदपत्रे तपासून दुरुस्ती केली: १,१९५ माणसे, ३१६ वाचले, ८७९ गेले. घोळ एका रेडिओ तंत्रज्ञाच्या नावामुळे होता. जहाज निघण्यापूर्वीच त्याची बदली झाली होती, पण यादीतून नाव निघाले नव्हते. मृतांच्या नोंदींचे काम आजही थांबलेले नाही. २०२२ मध्ये १३ खलाशांची नोंद 'पत्ता नाही' वरून 'समुद्रात दफन' अशी बदलण्यात आली. बचावासाठी आलेल्या जहाजांनी त्यांचे मृतदेह काढून विधीपूर्वक समुद्रार्पण केले होते, पण कागदावर ते त्यांच्या नावांशी जोडले गेले नव्हते. त्या १३ घरांना हे कळायला ७७ वर्षे लागली.